काडीकीटकाची ओळख

कुरआनच्या तीन सूरहांना लहानशा जीवांची नावे आहेत : मधमाशी, मुंगी आणि कोळी. हे तिन्ही जीव माणसाच्या नित्य परिचयाचे आहेत. मधमाशीचे पोळे, मुंग्यांची रांग, कोळ्याचे जाळे कोणालाही बोटाने दाखविता येते. आजच्या पाठात ज्या जीवाविषयी लिहावयाचे आहे, तो याच्या अगदी उलट प्रकृतीचा आहे. तो समोर असूनही दिसत नाही, आणि दिसला तरी बहुधा दुसऱ्याच्या नावाने ओळखला जातो किंवा दुसराच कोणी त्याच्या नावाने ओळखला जातो. हा जीव म्हणजे काडीकीटक, बोलीभाषेतला काडीकिडा.

बीड जिल्ह्यात पावसाळ्याच्या दिवसांत सोयाबीनच्या पानावर, बांधावरच्या गवतात, ओढ्याच्या पाण्यात किंवा घराच्या भिंतीवर काडीसारखे काही हलताना दिसले की त्याला सर्रास काडीकिडा म्हटले जाते. वस्तुतः या एका नावाखाली किमान चार निरनिराळे जीव मोडतात. त्यांपैकी एक झाडाची पाने खातो, दुसरा इतर कीटकांची शिकार करतो, तिसरा पाण्यात राहतो आणि चौथा तर पूर्ण वाढलेला कीटकच नव्हे, ती पतंगाची अळी आहे. चौघांचा आहार वेगळा, घराणे वेगळे, शेतीशी असलेला संबंधही वेगळा. मात्र चौघांच्या वाट्याला येणारी वागणूक एकच असते : चप्पल किंवा फवारणी. म्हणून खरा काडीकीटक कोणता, हे आधी निश्चित करणे अगत्याचे आहे.

चौघांपैकी सर्वांत सहज भेटणारी ती उंटअळी. सोयाबीन व एरंडीचे पीक घेणाऱ्या शेतकऱ्यास तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. चालताना पाठीची कमान करून ती पुढे सरकते, म्हणून हे नाव. तिच्या नात्यातल्या काही अळ्या धोका जाणवताच मागच्या पायांनी फांदीला घट्ट धरतात आणि उरलेले अंग हवेत तिरपे ताठ करतात. त्या क्षणी ती अळी नसून फांदीला फुटलेले वाळके डेखच आहे, असे वाटते. परंतु तिचे अंग मऊ असते, तिला लांब पाय नसतात, आणि डोक्यावर लांब मिशाही दिसत नाहीत. एवढ्यावरून तिला वेगळे काढता येते.

पाण्यातला काडीसारखा जीव रानाट्रा या नावाने शास्त्रात ओळखला जातो. पाझर तलाव, शेततळी आणि विहिरी यांच्या कडेला तो पाण्यात उलटा लटकतो. त्याच्या शेपटीकडे जी लांब दोरीसारखी नळी दिसते ती नांगी नव्हे. ती पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवून तो हवा घेतो. तोंड मात्र सोंडेसारखे टोकदार असते आणि हाताळल्यास तो ती सोंड टोचू शकतो. वर्गीकरणात हा ढेकूण, मावा आणि कपाशीवरील तुडतुडे यांच्या गणात येतो. काडीकीटकाशी त्याचे नाते केवळ आकाराचे आहे.

खरा घोटाळा होतो तो तिसऱ्या जीवाशी. प्रार्थनाकीटक, ज्याला महाराष्ट्रात खंडोबाचा घोडा म्हणतात, त्याच्या अनेक जाती आहेत. भारताच्या कोरड्या गवताळ माळांवर आढळणारी शायझोसेफाला बायकॉर्निस ही जात इतकी सडपातळ असते, की ती वाळल्या गवताच्या काडीत पूर्णपणे मिसळून जाते. तिचे डोळे शिंगांसारखे टोकदार असतात. बालाघाटाच्या पठारी माळांवर जी गवतकाडी चालताना दिसते, ती पुष्कळदा हीच असण्याचा संभव अधिक. (जाता जाता नावाविषयी एक गंमत. मराठीत याला खंडोबाचा घोडा म्हणतात, तर अरबीत ‘फरस-उन-नबी’, म्हणजे पैगंबरांचा घोडा. दोन भाषांच्या लोकांना एकमेकांचे न विचारता त्याच्या ताठ मानेत घोडाच दिसला.)

या दोघांतील भेद एकदा नीट लक्षात आला, की मग चूक होत नाही. कीटकाच्या छातीचे तीन खंड असतात आणि प्रत्येक खंडास पायांची एक जोडी असते. प्रार्थनाकीटकाचा पहिला खंड लांबलेला असतो, त्यामुळे त्याला उंच मान असल्याचा भास होतो. त्या मानेवर काटेरी, घडी घातलेले, भक्ष्य पकडण्याचे पुढचे पाय असतात आणि उरलेले चार पाय बरेच मागे असतात. काडीकीटकाचा पहिला खंड आखूड असतो, लांबतात ते दुसरा आणि तिसरा. म्हणून त्याचे पुढचे पाय डोक्यालगतच निघतात आणि मधले पाय त्यांच्यापासून दूर जातात. त्याचे पुढचे पाय पकडीचे नसतात. विश्रांतीत तो ते डोक्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ पुढे ताणतो आणि डोके मध्ये बसावे म्हणून त्या पायांच्या मुळाशी किंचित खोलगट वळण असते. हे वळण भिंगातून पाहण्याजोगे आहे. यामुळे पाय, डोके आणि धड मिळून एकच अखंड काडी बनते. प्रार्थनाकीटकाचे डोके त्रिकोणी असून ते मान वळवून आपल्याकडे पाहते. काडीकीटक असे रोखून पाहत नाही.

हा घोटाळा केवळ आपल्या खेड्यापाड्यांतच झाला, असे समजण्याचे कारण नाही. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1758 मध्ये प्राण्यांची जी व्यवस्था मांडली, तीत टोळ, रातकिडे, प्रार्थनाकीटक आणि काडीकीटक या सर्वांना त्याने ग्रिलस या एकाच प्रजातीत ठेवले होते, आणि काडीकीटकांचा समावेश तर प्रार्थनाकीटकांच्याच पोटविभागात केला होता. 1796 मध्ये लिख्टेनस्टाइनने त्यांना फॅस्मा हे स्वतंत्र नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आभास किंवा भुताटकी असा होतो. पुढे जॉन वेस्टवुडने 1859 मध्ये ब्रिटिश संग्रहालयातील नमुन्यांची सूची तयार केली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये काम करणाऱ्या जेम्स वुड-मेसनने 1870 च्या दशकात आपल्याकडील जातींची वर्णने प्रसिद्ध केली, आणि ब्रूनर व रेडटेनबाखर या ऑस्ट्रियन अभ्यासकांनी 1906 ते 1908 या काळात जगभरच्या जातींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. आज या गणास फॅस्माटोडिया म्हणतात. त्यात तीन हजारांहून अधिक जातींची नोंद असून पानासारखे दिसणारे पर्णकीटकही याच गणात येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शरीररचना आणि आनुवंशिक द्रव्य यांच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की प्रार्थनाकीटकाचे जवळचे नातलग काडीकीटक नसून झुरळ आणि वाळवी हे आहेत. काडीकीटकाचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे रेशमी बोगदे विणून त्यांत राहणारे छोटे कीटक. डोळ्यांना जे भाऊ वाटतात ते परके आणि ज्यांच्यात काहीच साम्य दिसत नाही ते सख्खे, असा हा प्रकार आहे. वर्गीकरणाचे प्रयोजन नेमके येथे कळते. फिकहच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न अपरिचित नाही. मेलेल्या अवस्थेतही ज्यांना हलाल मानले गेले अशा दोन जीवांत मासा आणि टोळ यांचा उल्लेख हदीसमध्ये आहे. तेव्हा टोळ कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, हा तेथे केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. काडीकीटक लिनियसच्या यादीत टोळाशेजारी बसला असला, तरी तो टोळ नव्हे.

काडीकीटकांचा प्रसार मुख्यत्वे उष्ण प्रदेशांत आहे. आग्नेय आशियातील दमट जंगलांत त्यांच्या जाती सर्वाधिक आहेत. युरोपात त्या मोजक्याच, आणि त्याही भूमध्य समुद्राच्या आसपास. टिमेमा नावाचे लहान, जाडसर काडीकीटक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहतात आणि ते इतर सर्वांपासून फार प्राचीन काळी वेगळे झालेले मानले जातात. लांबीच्या बाबतीत हा गण सर्व कीटकांत अग्रेसर आहे. चीनच्या ग्वांगशी प्रांतात 2014 मध्ये सापडलेली फ्रायगॅनिस्ट्रिया चायनेन्सिस जातीची मादी पाय ताणलेल्या स्थितीत 62.4 सेंटिमीटर लांब भरली. जर्मनीतील मेसेल येथे पर्णकीटकाचा 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा जीवाश्म मिळाला असून त्याचा आकार आजच्या पर्णकीटकापासून फारसा वेगळा नाही.

महाराष्ट्रात सह्याद्रीची ओली जंगले या कीटकांना अनुकूल आहेत. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो तसा त्यांचा अधिवास आक्रसतो. बीड जिल्हा पर्जन्यछायेत येतो आणि राज्यातील सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. तरी जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग गेली आहे. पाटोदा तालुक्यातील सौताड्याच्या धबधब्याची दरी, कपिलधारचा परिसर, अंबाजोगाईजवळची मुकुंदराज स्वामींच्या समाधीची घळ, अशा ठिकाणी सावली आणि ओल पावसाळ्यानंतरही काही काळ टिकून राहते. काडीकीटक शोधावयाचा तर अशा जागी, झुडपांच्या दाटीत शोधावा. उघड्या माळावर शोधल्यास हाती येईल ते बहुधा आधी सांगितलेले गवतातील प्रार्थनाकीटकच असेल.

भारतातील ज्या काडीकीटकाचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला, तो तमिळनाडूच्या पळणी डोंगरातील शेंबगनूर येथून युरोपात गेला. रॉबर्ट द सिनेती या फ्रेंच जेझुइट अभ्यासकाने 1901 मध्ये त्याचे वर्णन केले. कॅरॉसियस मोरोसस हे त्याचे नाव. पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांत आणि शाळांत इतका पसरला, की ‘प्रयोगशाळेचा काडीकीटक’ हेच त्याचे उपनाव झाले. दक्षिण आफ्रिका व कॅलिफोर्निया येथे तर तो बागांत मोकळा राहू लागला. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठात होल्क क्रूझ यांनी त्याच्या सहा पायांच्या हालचालींचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्या नियमांवर चालणारी यंत्रे तेथे घडविण्यात आली. प्रत्येक पाय शेजारच्या पायाची स्थिती जाणून आपले पाऊल उचलतो, त्यासाठी एखाद्या केंद्रातून हुकूम येण्याची वाट पाहत नाही, हे त्या अभ्यासाचे सार आहे.

या एका जातीच्या चरित्रावरून एकूण गणाचे राहणीमान समजून घेता येते. तिची मादी सुमारे 8 सेंटिमीटर लांबीची असते. दिवसा ती पाय ताणून निश्चल पडून राहते आणि अंधार पडल्यावर पाने खावयास निघते. रात्री अंगातील रंगद्रव्य पेशींत वर सरकते व तिचा रंग अधिक गडद होतो. स्पर्श झाला तर ती मेल्यासारखी ताठ होऊन खाली पडते. वाऱ्याची झुळूक आली तर फांदीबरोबर आपणही हलकेच झुलते, कारण सगळी फांदी हलत असता एकच काडी स्थिर राहिली तर पाहणाऱ्याच्या ते लक्षात येईल. पक्ष्याने किंवा सरड्याने पाय पकडलाच, तर तो पाय ठरलेल्या सांध्यापाशी तुटतो आणि कीटक निसटतो. वाढीच्या वयात पुढील काही वेळा कात टाकताना तुटलेला पाय पुन्हा येतो, प्रथम आखूड व पुढे लांब. टाकलेली कात तो बहुधा स्वतःच खाऊन टाकतो.

जीवांचे रंग त्यांच्या परिसरास जुळतात, हे निरीक्षण फार जुने आहे. बसऱ्याचा विद्वान अल-जाहिझ (मृत्यू हिजरी 255) याने हिरव्या वनस्पतींवरील टोळ व अळ्या हिरव्या असतात आणि काळ्या केसांतील उवा काळ्या असतात, याची नोंद करून ठेवली आहे. काडीकीटकात मात्र केवळ रंग जुळलेला नाही. आकार, गाठी, हालचाल आणि निश्चलता हे सगळेच जुळून आले आहे.

इतकेच नव्हे, अंडीही. काडीकीटकाची अंडी वनस्पतीच्या बीसारखी दिसतात. कवच कठीण, एका टोकाला झाकण. पुष्कळ जातींची मादी झाडावर बसूनच एकेक अंडे खाली टाकते आणि ते पाचोळ्यात पडते. आयुष्यात अशी शेकडो अंडी पडतात. कित्येक जातींच्या अंड्याच्या झाकणावर एक लहानसा बोंडासारखा स्निग्ध भाग असतो. मुंग्या त्याच्या ओढीने अंडे उचलून वारुळात नेतात, तेवढा भाग खातात आणि अंडे तेथेच टाकून देतात. जमिनीखाली ते परोपजीवी माश्या व आगीपासून सुरक्षित राहते. काही वनस्पतींच्या बियांनाही असाच भाग असतो व मुंग्या त्याही अशाच वाहून नेतात. दोन सर्वस्वी भिन्न सृष्टींत एकच युक्ती आढळावी, हे विचार करण्यासारखे आहे. (मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि खाटीक पक्षी या चार जीवांना मारण्याची मनाई अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात नमूद आहे. त्यांपैकी मुंगी या कीटकाची अशी दाई ठरते, तर खाटीक पक्षी कीटकांचा शिकारी.)

जपानमधील कोबे विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी बुलबुलाला काडीकीटकाची अंडी खाऊ घातली. विष्ठेतून काही अंडी अखंड बाहेर पडली आणि त्यांतील मोजक्या अंड्यांतून पिल्लेही निघाली. पंख नसलेला, संथ चालीचा हा कीटक दूरदूरच्या डोंगरांवर कसा पोहोचला असेल, याचे एक संभाव्य उत्तर त्यात आहे : ज्या पक्ष्याने मादीला खाल्ले, त्यानेच तिची संतती वाहून नेली. हे शक्य होते, कारण अनेक जातींत अंड्यातून पिल्लू निघण्यासाठी नराची आवश्यकताच नसते. कॅरॉसियसचे नर अत्यंत दुर्मीळ आहेत. मादीच्या अफलित अंड्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात आणि वंश चालू राहतो.

अंड्याची ही सविस्तर माहिती आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जेथे वर्षातील सात-आठ महिने कोरडे असतात, तेथे अनेक जाती तो कठीण काळ अंड्याच्या रूपात, जमिनीवरच्या पाचोळ्यात काढतात. पाऊस पडून झाडांना पालवी फुटली की पिल्ले बाहेर येतात. तेव्हा उन्हाळ्यात बांध पेटविणे, झुडपांखालचा पाचोळा जाळणे, डोंगरउतारावरचे गवत नवे यावे म्हणून त्याला आग लावणे, या आपल्याकडील सवयींत त्या जागेची पुढच्या वर्षाची सारी पिढी एका दुपारी नष्ट होऊ शकते. मोठा कीटक उडून जाईल, अंडे कोठे जाणार? मुंग्यांनी खाली नेली तेवढीच वाचतील. मोर, भारद्वाज, सरडे हे कीटकांवर जगणारे प्राणी आहेत. पाटोदा तालुक्यात मोरांसाठी 1994 मध्ये नायगाव मयूर अभयारण्य घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे 30 चौरस किलोमीटर आहे. मोराचे रक्षण करावयाचे आणि त्याच्या अन्नाचा पाचोळा जाळावयाचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

राहिला प्रश्न उपद्रवाचा. काडीकीटकाला नांगी नाही, विषारी दंश नाही. अमेरिकेतील काही जाती डोळ्यांची आग करणारा द्रव फवारतात, हे खरे. म्हणून कोणताही अनोळखी काडीकीटक चेहऱ्याजवळ नेऊ नये, इतकी दक्षता पुरेशी आहे. ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या जंगलांत आणि अमेरिकेच्या ओकवनांत त्यांची संख्या बेसुमार वाढून झाडे निष्पर्ण झाल्याची उदाहरणे आहेत. मराठवाड्याच्या कपाशी, सोयाबीन, तूर किंवा उसावरील किडींत मात्र त्याची गणना होत नाही. सोयाबीनचे पान खाणारी ती उंटअळी. तिचा बंदोबस्त अवश्य करावा. गवतातला प्रार्थनाकीटक तर इतर किडी खाऊन शेतकऱ्याचे कामच करीत असतो.

ज्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना हा जीव प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, त्यांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, मोठ्या माणसांच्या सोबतीने, रात्री विजेरी घेऊन झुडपांची पाने पाहावीत. पानांच्या कडा ताज्या कुरतडलेल्या दिसल्या की त्याच फांदीवर, पानांच्या खालच्या बाजूस प्रकाश टाकावा. विंचू-सापांच्या भयाने पायांत बूट असणे आवश्यक आहे. कीटक सापडल्यास ओढून काढू नये, पाय तुटतो. फांदीसह पाहावा आणि वहीत तारीख, गाव, झाडाचे नाव, अंगाची लांबी, पंख आहेत की नाहीत आणि पुढच्या पायांची ठेवण या गोष्टी लिहाव्यात. छायाचित्र घ्यावयाचे असेल तर एक वरून आणि एक बाजूने घ्यावे, म्हणजे छातीचे खंड मोजता येतात. काही दिवस घरी ठेवावयाचा असल्यास जाळीचा उंच डबा घ्यावा, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो व त्याला खाली जागा लागते. ज्या झाडावर मिळाला त्याच झाडाची ताजी पाने रोज द्यावीत आणि त्यांवर सायंकाळी पाणी शिंपडावे. डब्याच्या तळाशी मोहरीसारखे दाणे दिसू लागले तर झाडताना ते फेकून देऊ नयेत. ते ओलसर मातीवर ठेवून पहिला पाऊस होईपर्यंत सांभाळावेत आणि पिल्ले निघाल्यावर त्याच झुडपावर नेऊन सोडावीत.